दोघांना पुरणारी गोळी

१२ जानेवारी, रविवार

या वहीत जे सिद्ध करावयाचे आहे, ते असे. एक : डॉ. हालांदोनी माझ्या पार्किन्सनसाठी देतात ती गोळी निरुपयोगी आहे. दोन : माझे शरीर आजही उभे आहे ते जीवनसत्त्वांच्या बळावर. तीन, आणि हाच मुख्य मुद्दा : येत्या गुड फ्रायडेला सान पेद्रोच्या रथापुढे मीच चालेन, आणि कोणाचाही हात न धरता चालेन.

पुराव्याचा कायदा आणि तर्कशास्त्र मी कॉलेजात आयुष्यभर शिकवले. ही वही कोणी वाचणार नाही. तरीही नीट लिहितो. ढिसाळ युक्तिवाद एकांतातही ढिसाळच असतो.

पार्श्वभूमी. सान पेद्रोची, म्हणजे प्रभूच्या पट्टशिष्याची, मूर्ती आमच्या आजोबांनी घडवून घेतली. हातात किल्ल्या, पायाशी लाकडी कोंबडा. कोंबडा आरवण्याआधी त्याने तीनदा प्रभूला नाकारले, म्हणून. मिरवणुकीत त्याचा मान पहिला. गावातले बाकीचे सगळे संत त्याच्या मागे. घराण्याचा दंडक असा, की जो त्याच्यापुढे मेणबत्ती घेऊन चालतो, मूर्ती वर्षभर त्याच्या घरी. वडील गेल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षे, ती माझ्या दिवाणखान्यात आहे.

धाकटा भाऊ बिएन्वेनिदो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. नाताळच्या जेवणाच्या वेळी तो म्हणाला (थोरल्या भावाला आमच्याकडे मानोंग म्हणतात), "मानोंग, यंदा मी चालू का? तू गाडीत बस. निवांत." मी विचारले, कारण काय? तो माझ्या हातातल्या सूपच्या चमच्याकडे बघत राहिला. प्रश्नाला उत्तर न देणे म्हणजे वाद हरणे. नोंद असावी, की त्याला रथावर एलईडी दिवे लावायचे आहेत आणि मागून जनरेटर ओढायचा आहे.

पत्नी कोरिंग नंतर म्हणाली, "तुझं चालणं तुझ्यापाशी. पण सान पेद्रो त्या घरी गेला तर सकाळी मी बोलू कुणाशी?" त्याचे झगे ती शिवते, लेस ती धुते, कोंबड्याच्या शेपटीत खरी पिसे ती खोवते. विधान भावनिक. विचारात घेतले नाही.

१९ जानेवारी

धाकटी बहीण लुर्देस अमेरिकेत नर्स आहे. तिची पेटी आली. नाताळची पेटी नाताळनंतर येते, हे आता गृहीत धरावे. थोरला म्हणून पेटी मी उघडतो आणि वाटप मी करतो. डबाबंद गोमांस, साबण, हात मऊ करण्याचे मलम, कोणालाच न होणारे बूट. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर नाव. लुर्देसचा आमच्या न्यायबुद्धीवर विश्वास नाही.

माझ्या नावाने नेहमीची बाटली : पन्नाशीपुढील पुरुषांसाठी जीवनसत्त्वे. लेबलवर टक्कल पडलेला एक हसरा म्हातारा. पेटीच्या तळाशी दुसरी, मोठी बाटली. गोळी चिंचोक्याएवढी. तिच्यावर मारिसेलचे नाव. ही बिएन्वेनिदोची सून.

दोन्ही लेबले शेजारी ठेवून वाचली. माझ्या बाटलीत लोह : शून्य. मारिसेलच्या बाटलीत लोहाचा भला मोठा आकडा. पोलाद कशाचे करतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. लेबलवर पोटावर हात ठेवलेली एक स्त्री आहे आणि ही गोळी गरोदर मातांसाठी आहे, असे खाली लिहिले आहे. यावर विचार केला. जे दोघांना पुरते, ते एकाला कमी पडणे शक्य नाही. निष्कर्ष निर्दोष आहे.

मारिसेलला माझी बाटली दिली. चिकटपट्टीवरचे नाव हा मालकीचा पुरावा होत नाही. शिवाय ती सडपातळ आहे. अंग भरावे म्हणून लुर्देसने पाठवले असणार, आणि अंग कशानेही भरते. जेवताना बायका मारिसेलविषयी काहीतरी सांगून हसत होत्या. मी लेबल वाचत होतो.

२० जानेवारी

पद्धत. डॉक्टरीणबाईंचा आदेश : गोळी दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यासाठी कोरिंगने मोबाइलवर गजर लावला आहे. तो मला शाळेच्या घंटेसारखा वाटतो.

आजपासून सुधारणा. औषध आणि जीवनसत्त्व एकाच घोटात, ताटावर बसल्यावर. दोन कृतींऐवजी एक. औषध दुबळे आहे, त्याला बलवान सोबती मिळेल. औषध तीनदा, म्हणून जीवनसत्त्वही तीनदा. लेबलवर दिवसाला एक असे आहे, परंतु ते लेबल बायकांसाठी लिहिले आहे.

बाटली माझ्या टेबलाच्या खणात. कोरिंग विनाकारण चर्चा करते.

२६ जानेवारी

वार्षिक उत्सवाचा शेवटचा दिवस. शहरात सकाळपासून ढोल. काठी न घेता ढोलांच्या मागोमाग चौकापर्यंत गेलो. पाय आपोआप उचलले जात होते. विशीत चालायचो तसा चाललो. कोरिंगला धापा टाकत यावे लागले. म्हणाली, "ढोल वाजला की तुझे पाय ऐकतात बघ. माझं कुणी ऐकत नाही."

ढोल हा केवळ योगायोग. गोळी सुरू होऊन आठवडा झाला, हे कारण. सिद्धतेची पहिली पायरी चढलो.

८ फेब्रुवारी

बद्धकोष्ठ. पपई. पुन्हा पपई. कोरिंगने विचारले, "असं खातोयस तरी काय?" पपई, मी सांगितले.

दुपारी पाय जड होतात. उष्मा.

शर्टाची बटणे लहान होत चालली आहेत. शिंपी बदलावा.

अक्षर बारीक येते आहे. कागदाची बचत होते.

२१ फेब्रुवारी

डॉ. हालांदोनींकडे. वय चौतीस, त्यांचे वडील माझे विद्यार्थी होते आणि दोनदा नापास झाले होते. कोरिंगला बाहेर बसवले. एका साक्षीदाराच्या जबानीवेळी दुसऱ्याने खोलीत असू नये, हा साधा नियम आहे. ती म्हणाली, "मी साक्षीदार नाही, बेरिन, मी बायको आहे." तरीही बाहेर बसवले.

डॉक्टरीणबाईंनी चालून दाखवायला सांगितले. वळताना थोडा वेळ लागला. त्या म्हणाल्या, "नोव्हेंबरात तुम्ही छान चालत होता, अॅटर्नी. इतक्यात एवढा फरक पडायला नको. गोळी वेळेवर घेता ना?" घेतो. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

मी म्हणालो, नाही.

प्रश्न औषधांविषयी होता. जीवनसत्त्व हे औषध नव्हे. व्याख्येनुसार ते अन्नाच्या जवळचे आहे. विचारले त्याचे उत्तर द्यावे, न विचारलेल्याचे देऊ नये, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगत असे.

त्यांनी डोस वाढवला. विधान क्रमांक एक सिद्ध झाले : औषध गुणकारी असते, तर वाढवावे लागले नसते.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन वळलो आणि रांगेत डावे पाऊल फरशीला चिकटले. पाऊल पुढे टाकण्याचा निर्णय झाला होता, अंमलबजावणी होईना. मागे रांग थांबली. एक बाई खाकरली.

कोरिंगने आपली मिटलेली छत्री माझ्या बुटापुढे आडवी ठेवली आणि म्हणाली, "ओलांड." मी ओलांडली. मग पुढे चालत गेलो.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने हे तिला दाखवले आहे म्हणे. पायापुढे रेघ असली की पाय उचलतो. कारणमीमांसा समाधानकारक नाही. घरी आल्यावर बजावले, की चारचौघांत हा प्रकार पुन्हा नको.

ती म्हणाली, "म्हणजे चारचौघांत विजेच्या खांबासारखं उभं राहिलेलं चालेल, छत्री तेवढी चालायची नाही?"

उपमा अतिशयोक्त. खांबावर तारा असतात.

२२ मार्च

अंगणात सराव. बिएन्वेनिदो त्याच वेळी टेप घेऊन रथ मोजायला आला. मी विचारले, कशाचे माप? म्हणाला, "असंच." असंच हे कोणत्याही मोजमापाचे कारण असू शकत नाही.

पेरूच्या झाडापाशी पडलो. जमीन असमान आहे. बिएन्वेनिदोने उचलले. म्हणाला, "मानोंग, दोघं मिळून चालू या. मेणबत्ती तुझ्या हातात. मी नुसता बाजूला. लागला तर माझा हात, नाही तर नाही. आणि सान पेद्रो तुझ्याकडेच राहू दे. दिवे नको असतील तर दिवेही नको."

प्रस्ताव फेटाळला. प्रतिपक्ष एवढी सवलत देतो, तेव्हा तो हरण्याच्या बेतात असतो.

कोरिंग स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. आत गेली. भांड्यांचा आवाज आवश्यकतेपेक्षा मोठा होता.

१२ एप्रिल

आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार करतो. जानेवारीत चालणे बरे होते, आता वाईट आहे. मधल्या काळात नवीन काय आले? मोठी गोळी. अडाणी माणूस यावरून भलताच निष्कर्ष काढेल.

उत्तर : रोग वाढला. मोठी गोळी नसती, तर याहून वाईट झाले असते. या युक्तिवादाचे खंडन करणे कोणालाही शक्य नाही. तीच त्याची ताकद.

आवाजही बसला आहे. कोरिंग सारखी "काय?" विचारते. तिच्या कानांची तपासणी करायला हवी.

तिने सान पेद्रोसाठी नवा झगा शिवला आहे. पिवळा मखमली, कडेला जुनी लेस. रात्रीच्या जेवणानंतर मूर्तीला तो चढवून पाहिला आणि हळूच म्हणाली, "यंदा राहा रे बाबा इथेच." मला वाटले, मला म्हणाली.

१९ एप्रिल, शनिवार

काल गुड फ्रायडे.

मेणबत्ती माझ्या हातात. घंटांना त्या दिवशी बंदी; लाकडी टाळ खटखटला. चर्चचे दार उघडले. सान पेद्रो सर्वांआधी बाहेर आला, आणि त्याच्याआधी मी. सकाळपासून दोन्ही गोळ्या नेमाने घेतल्या होत्या. पायऱ्या उतरलो. शेवटची पायरी संपून चौकाची जमीन लागते, तिथे उजवा पाय थांबला. मग डावा.

सान पेद्रो सगळ्यांत पुढे असल्यामुळे तो थांबला की सगळे थांबतात. मागे व्हेरोनिका, योहान, मग्दालेना, शवपेटीतला प्रभू, त्यामागे काळ्या पोशाखातली माता, आणि सगळे गाव. कोणीतरी विचारले, "काय झालं? टायर बसला का?"

कोरिंग बायकांच्या रांगेतून निघून आली. वाकली. त्या वयात वाकणे तिला सोपे नाही. छत्री माझ्या पावलापुढे आडवी ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ओलांड, बेरिन. कुणी बघत नाहीये."

हे विधान उघडउघड खोटे होते.

मी म्हणालो, "हटव ते! मी सर्कशीतला कुत्रा आहे का?"

महिनाभर माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नव्हता. काल तो चौकाच्या पलीकडच्या बेकरीपर्यंत गेला.

तिने छत्री उचलली. पदराने पुसतात तशी स्कर्टच्या घेराने पुसली. रांगेत परत गेली. मागे वळून पाहिले नाही.

बिएन्वेनिदोने माझ्या बोटांतून मेणबत्ती सोडवली. मेण बाहीवर सांडले होते. पायऱ्यांच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला बसवले. मिरवणूक पुढे गेली. एकेक संत माझ्यासमोरून गेला. चाळीस वर्षांत मी त्यांना मिरवणुकीत कधी पाहिलेच नव्हते. ते नेहमी माझ्या पाठीशी असत.

घरी नारळाच्या दुधातली केळ्या-साबुदाण्याची खीर होती. कोरिंगने वाढली.

२० एप्रिल, ईस्टर

दंडकाप्रमाणे मूर्ती गेली. कोरिंगने झगे पातळ कागदात स्वतः बांधले. कोंबडा मांडीवर घेऊन ती बिएन्वेनिदोच्या गाडीत पुढे बसली. मूर्ती पाठीमागे आडवी होती.

एलईडी दिवे त्याने शुक्रवारीच लावले होते. दुर्दैवाने ते बरे दिसत होते.

२२ एप्रिल

लुर्देसचा व्हिडिओ कॉल. तिकडे पहाट होती आणि ती ड्यूटीवरून आलेली. ऐकीव मजकूर जसाच्या तसा देतो.

"मानोंग, मारिसेलच्या डॉक्टरनं रक्त कमी सांगितलंय. सहावा महिना लागलाय तिला. मी एवढी लोहाची बाटली पाठवली, तिचं काय झालं? ती म्हणते तिच्या बाटलीवर टकल्या म्हाताऱ्याचा फोटो आहे! बिचारी तीन महिने ते खातेय आणि विचारतेय, बाळाला टक्कल पडेल का!"

कोरिंगने फोन माझ्या हातातून घेतला. काही न विचारता माझ्या टेबलाकडे गेली, खण उघडला, आणि बाटली कॅमेऱ्यापुढे धरली. तळाशी थोड्याच गोळ्या उरल्या होत्या.

लुर्देस, नर्सच्या आवाजात : "कधी घेत होतास?"

औषधाबरोबर, मी सांगितले. एकाच घोटात. जेवताना. तीनदा.

"लोह? पार्किन्सनच्या गोळीसोबत? अरे देवा! अरे, लोह त्या गोळीला पोटातच पकडून ठेवतं. नीट अंगात भिनू देत नाही. दोन तास तरी मधे जाऊ द्यायचे असतात. वर ताटभर मासळी! आणि गरोदर बायकांची गोळी, दिवसाला तीन? मानोंग, तीन महिने तू औषध गिळत होतास, घेत नव्हतास! डॉक्टरला सांगितलं नाहीस?"

मी स्पष्ट केले, की प्रश्न औषधांविषयी होता.

कोरिंग हसली. हे हसणे मी लग्नानंतर प्रथमच ऐकले. पुन्हा ऐकण्याची इच्छा नाही.

म्हणाली, "सान पेद्रोनं एका रात्रीत तीनदा नाकारलं, तर कोंबडा आरवला आणि तो ढसाढसा रडला. तू रोज तीनदा, तीन महिने. आणि तुझा कोंबडा बघ, अमेरिकेतून फोन करावा लागला त्याला."

तुलना सदोष आहे. कोणत्या जागी, ते अद्याप सापडलेले नाही.

२३ एप्रिल

डॉ. हालांदोनींकडे. यावेळी कोरिंग आत बसली. मला बाहेर बसवले.

मोठी गोळी बंद. मला तिची गरजच नव्हती, असे रक्ताच्या तपासणीवरून दिसते म्हणे. वाढवलेला डोस पुन्हा पूर्वीइतका. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अॅटर्नी, माझे बाबा म्हणायचे, तुमच्या तासाला खरं बोलूनही नापास होता यायचं." वडिलांचा संदर्भ इथे अप्रस्तुत होता.

मारिसेलला नवी बाटली इथल्याच दुकानातून घेऊन दिली. तिने आभार मानले आणि टकला म्हातारा परत दिला.

३० एप्रिल

गजर वाजतो. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर.

शर्टाची बटणे पूर्ववत झाली आहेत. शिंप्याचा दोष नव्हता असे दिसते. अक्षरही मोठे येऊ लागले. वही लवकर संपेल.

सकाळी अंगणात भिंतीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पेरूच्या झाडापाशी जमीन सपाट आहे. नोव्हेंबरात चालायचो तसे चालतो आहे.

ज्याच्यापुढे चालावे, असे आता मागे काहीही नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ आहे. तिथे आपोआप वळसा घालून जातो.

कोरिंग रोज सकाळी भाड्याच्या तीनचाकी ट्रायसिकलने बिएन्वेनिदोच्या घरी जाते. मूर्तीचे करायला. माझा नाश्ता झाकून ठेवते. ऊन असते म्हणून छत्री नेते. दुपारी परतते, तेव्हा चेहरा बोलून आलेल्या माणसाचा असतो. माझ्यासाठी काही उरलेले नसते.

४ मे, रविवार

कोरिंगला विचारले, संध्याकाळी चौकापर्यंत फिरायला येशील का? पाय ठीक आहेत. छत्री लागणार नाही. तरीही बरोबर असलेली बरी.

ती कपड्यांच्या घड्या करत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "लिहून दे."

काय?

"चूक झाली म्हणून. तोंडी कबुलीची किंमत शून्य, हे तूच शिकवलंस ना पोरांना? मग लिही. आणि खाली सही कर."

कोणती चूक, मी विचारले.

"एकच लिही. सगळ्या लिहायला बसलास तर पुढचा गुड फ्रायडे उजाडेल. कुठली, ते तुझं तू ठरव."

दुपारभर विचार केला. गोळ्या एकत्र घेतल्या, हे अज्ञान. अज्ञानाचा बचाव करता येतो. डॉक्टरीणबाईंना दिलेले उत्तर शब्दशः खरे होते. बचाव करता येतो. मारिसेलची भरपाई झाली. बिएन्वेनिदोचा प्रस्ताव फेटाळणे हा माझा अधिकार होता. प्रत्येक ठिकाणी बचाव उभा राहिला. एका ठिकाणी राहिला नाही. उलटसुलट तपासून पाहिले.

सबब :

मी, सेवेरिनो गुस्तिलो, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणत्याही दबावाविना मान्य करतो, की १८ एप्रिल रोजी चर्चच्या पायऱ्यांखाली माझ्या पत्नीने वाकून माझ्या पावलापुढे छत्री ठेवली, ती मी ओलांडायला हवी होती.

सेवेरिनो गुस्तिलो